प्रवासी लाँचवर खासगी कार्यक्रम: दाखल्यावरचा आकडा पंगतीला लागू होतो का?

डेकमोजणी (धागाकर्ता)

साखरपुडा, केळवण, डोहाळेजेवण, साठी असले कार्यक्रम प्रवासी लाँच भाड्याने घेऊन करावेत की नाही, यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक बाजू म्हणते बंदीच घाला. दुसरी म्हणते, लाँचला 80 माणसांचा सर्व्हे दाखला (बोट तपासून किती माणसं न्यायची ते ठरवणारा कागद) आहे, आम्ही 80च नेतो, मग अडचण काय? माझं मत: कार्यक्रम होऊ द्यावेत, पण 80च्या दाखल्यावर 40 पाहुणे, आणि त्या 40 जणांत वाढपी, फोटोवाले, गाणारेही धरायचे.

कारण सांगतो. सर्व्हे दाखल्यावरचा आकडा बाकावर बसलेल्या प्रवाशांचा असतो. जो तो आपल्या जागी बसून राहतो, दोन्ही बाजूंना सारखं वजन. कार्यक्रमासाठी पहिली मागणी येते ती बाकं काढायची. बाकं निघाली की माणसांना जागेवर धरून ठेवणारी गोष्टच गेली. केक कापताना, अंगठी घालताना, सूर्यास्ताचा फोटो काढताना सगळे एका कठड्याला जमतात.

उदाहरण म्हणून भरल्या वजनाला 40 टनांची लाँच धरा, मेटासेंट्रिक उंची 0.8 मीटर. ही उंची म्हणजे बोट कलल्यावर तिला परत सरळ करणारा जो जोर असतो त्याचं माप. दर माणशी 75 किलो. 80 माणसं म्हणजे 6 टन. ही सगळी दीड मीटर एका बाजूला सरकली की 9 टन-मीटरचा कल येतो. 9 भागिले (40 गुणिले 0.8) म्हणजे 0.28, हा ज्या कोनाचा टॅन्जंट तो कोन निघतो सुमारे 16 अंश. प्रवासी जहाजांच्या आंतरराष्ट्रीय स्थिरता संहितेत माणसं एका बाजूला जमल्यावर 10 अंशांच्या वर कल चालत नाही. आता त्यातली 40 माणसं वरच्या डेकवर न्या, म्हणजे 3 टन वजन सव्वादोन मीटर वर गेलं. मेटासेंट्रिक उंची 0.8 वरून साधारण 0.63 वर येते आणि तोच कल 19-20 अंशांवर जातो. तेवढ्या कलात टेबल सरकतं, टेबलामागून माणसं सरकतात, आणि कल आणखी वाढतो.

40 माणसं, सगळी खालच्या डेकवर, सगळी एका कडेला, हे गणित केलं तर कोन आठ-साडेआठ अंश येतो. म्हणून निम्मा आकडा म्हणतोय.

2009च्या सप्टेंबरात थेक्कडीच्या तलावात पर्यटकांची बोट उलटली, 45 माणसं गेली. प्राणी बघायला लोक एका बाजूला धावले होते. तिथे ना लाटा होत्या, ना वादळ.

माझ्या अटी तीनच. दाखल्याच्या निम्मे लोक. वरचा डेक पाहुण्यांना बंद. कुठलीही ज्योत नाही.


मांडवा_अपडाउन

तुमचं गणित मला पटतं, मागणी पटत नाही. प्रवासी लाँच ही आमच्यासाठी एसटी आहे. अलिबाग, रेवस, उरणकडच्या माणसाला ती वेळेवर मिळाली पाहिजे. 1 जून ते 31 ऑगस्ट गेटवे-मांडवा लाँच बंदच असतात. उरलेल्या नऊ महिन्यांत शनिवार-रविवारी गेटवेला रांग लागलेली असते आणि कार्यक्रमांची मागणीही नेमकी शनिवार-रविवार संध्याकाळची असते. मालकाला एका कार्यक्रमात दोन-तीन फेऱ्यांचे पैसे सुटत असतील तर तो कुठली फेरी रद्द करेल हे सांगायची गरज नाही. फेरी रद्द झाली की तिचे प्रवासी पुढच्या लाँचवर जातात आणि मग गर्दी कार्यक्रमाच्या लाँचवर न होता तिथे होते. तुमच्या निम्म्या आकड्याचा भार माझ्या फेरीवर पडतो.

दुसरं, धक्का. रेडिओ क्लबजवळच्या नव्या जेट्टीबाबत जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाला वाट मोकळी केली, पण अटी घातल्या: प्रेक्षागृहासारखी जागा फक्त थांबलेल्या प्रवाशांना बसायला, करमणुकीला नाही. उपाहारगृहात पाणी आणि बंद पाकिटातलं खाणं, बसून जेवायची सोय नाही. प्रवासी जेट्टी प्रवाशांसाठीच राहावी हा त्यातला विचार आहे. धक्क्यावर जे नको ते त्याच धक्क्याला लागलेल्या लाँचवर कसं चालेल?


खोलपाणी

डेकमोजणी, आकडेमोड बरोबर आहे, फक्त तुम्ही लाँचचं पोट, म्हणजे डेकखालची तळाची पोकळी, कोरडं धरलंय. लाकडी लाँचच्या पोटात पाणी असतंच. सांध्यांतून झिरपतं, पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून (पाणी अडवणाऱ्या बुचातून) थेंब थेंब येतं. रोजच्या फेरीत खलाशी पंप मारून ते काढत राहतो. तीन तासांच्या कार्यक्रमात खलाशाला कोल्ड्रिंकचे क्रेट उचलायला लावलं की पंप राहतो.

त्या पाण्याचं वजन फार नसतं, ते मोकळं हलतं ही खरी अडचण. 6 मीटर लांब, अडीच मीटर रुंद असा पाण्याचा मोकळा पृष्ठभाग धरा. लांबी गुणिले रुंदीचा घन भागिले 12, म्हणजे 7.8. त्याला 40 टनांनी भागा, खाऱ्या पाण्याची घनता धरा, तर मेटासेंट्रिक उंचीतून 0.2 मीटर वजा होतात. तुमची वरच्या डेकवाली 0.63 उरते 0.43. मग तोच 9 टन-मीटरचा कल 27 अंशांवर जातो. खरं तर इतक्या कोनाला हे साधं सूत्र लागूच होत नाही, कारण त्याआधीच डेकची कड पाण्याखाली जाते.

रुंदीचा घन येतो हे लक्षात घ्या. लोक वरच्या 500 लिटरच्या टाकीला घाबरतात, ‘अर्धी भरली की बोट हेलकावते’ म्हणतात. मीटरभर रुंदीच्या टाकीत मोकळ्या पाण्याचा परिणाम दोन-अडीच मिलिमीटर येतो, काहीच नाही. त्या टाकीची अडचण फक्त तिचं वजन उंचावर असण्याची आहे. पोटातलं वीतभर पाणी कित्येक पटींनी वाईट, आणि ते कोणाला दिसत नाही.

म्हणून माझं मत तुमच्यापेक्षा कडक आहे. लाकडी, एकाच पोटाच्या लाँचवर कार्यक्रम नकोच. आडव्या भिंतींनी पोटाचे कप्पे केलेली पोलादी किंवा फायबरची बोट असेल, प्रत्येक कप्प्यात पाण्याचा अलार्म असेल, तरच विचार करावा. मार्च 2020 पासून भाऊचा धक्का ते मांडवा चालणाऱ्या, माणसांबरोबर गाड्याही नेणाऱ्या रो-रोसारख्या मोठ्या पोलादी जहाजाचा बंद हॉल आणि गेटवेची उघडी लाँच यांना एकाच नियमाने मोजता येणार नाही.


पंगतवाली

जेवणाची बाजू मांडते, कारण ती नेहमी ‘केटरर बघून घेईल’ म्हणून सोडून दिली जाते.

आधी गॅस. लाँचवर 19 किलोचा सिलिंडर चढवू नका, एवढं एकच वाक्य करारात घातलं तरी निम्मा धोका टळतो. एलपीजी हवेहून दीड ते दोनपट जड. जमिनीवर गळला तर दार उघडून बाहेर काढता येतो. लाँचवर तो फळ्यांच्या फटींतून पोटात उतरतो आणि तिथेच बसून राहतो, कारण पोटाला खिडकी नाही. हवेत साधारण दोन टक्के झाला की पेट घेतो. पोटातली पोकळी 10 घनमीटर धरली तर दोन टक्के म्हणजे 200 लिटर वायू, वजनात अर्ध्या किलोच्या आत. रेग्युलेटर नीट बसला नाही तर एवढा गळायला वेळ लागत नाही, आणि त्याच पोटात इंजिनाचा स्टार्टर ठिणगी पाडतो. वरच्या डेकवर डोशाचा तवा लावलाय, हवा खेळती आहे, म्हणून सुरक्षित, असं म्हणणाऱ्या आचाऱ्याला हे नीट समजावून सांगावं लागतं.

चेफिंग डिशखाली (बुफेत जेवण गरम ठेवायच्या भांड्याखाली) पेटवतात ती जेलची डबीही नको. उन्हात ती निळी ज्योत दिसत नाही, वाऱ्याने आडवी होऊन टेबलक्लॉथला लागते.

मग गरम कसं ठेवायचं? विजेवर म्हणाल तर हिशेब करा. 7.5 केव्हीएचा जनरेटर प्रत्यक्षात 6 किलोवॅट देतो. दीड-दीड किलोवॅटचे चार हॉटकेस लावले की संपला. त्यावर डीजे लावला की ब्रेकर पडतो, आणि ब्रेकरबरोबर दिवे आणि विजेवरचा पंपही जातो. म्हणून लाँचवर काही गरम करायचंच नाही. किनाऱ्यावर शिजवायचं, थर्मोबॉक्समध्ये आधी उकळतं पाणी घालून 15 मिनिटं ठेवायचं, ओतून द्यायचं, मग 85 अंशांवरचा पदार्थ भरून झाकण लावायचं. वाढताना थर्मामीटर घालून 60च्या वर असेल तरच वाढायचं. भात यात सगळ्यात दगाबाज. कोमट भातात जिवाणूंचं विष तयार झालं की तो परत गरम करूनही जात नाही.

50 पानांचं माप देते. पुलावाला तांदूळ साडेपाच किलो. श्रीखंड 5 किलो. बर्फ 30 किलो. प्यायचं पाणी 50 लिटर, हात धुवायला 100 लिटर. म्हणजे पाण्याचंच वजन दीडशे किलो, दोन माणसं जास्तीची मोजा. पातळ भाजी, आमटी, रस्सा नको. अळूवडी, कोथिंबीर वडी, सुकी बटाटा भाजी, पुरी, पुलाव एवढंच डगमगत्या ताटात टिकतं. सोलकढी हवीच असेल तर नारळाचं दूध बर्फात वेगळं, कोकमाचं आगळ वेगळं, आणि वाढायच्या वेळी एकत्र. एकत्र करून तीन तास नेली की फाटते आणि आंबते. थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या ताटांवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे, आणि तशीही हलकी ताटं पहिल्या झुळकेला समुद्रात जातात. उसाच्या चिपाडाची कप्प्यांची ताटं बरी, पण तीही रिकामी टेबलावर रचून ठेवायची नाहीत.

हे सगळं पाळता येतं, म्हणून मी विरोधात नाही. खोलपाणींना विचारायचंय, अडचण जेवणाची आहे की लाँचच्या डागडुजीची? पोटात पाणी साचलेली लाँच रोजच्या प्रवाशाला तरी का चालते?


खोलपाणी

चालू नये. पण रोजचा प्रवासी तासाभराने उतरतो, बसलेला असतो आणि खलाशी आपल्या कामावर असतो. कार्यक्रमात या तिन्ही गोष्टी बदलतात. पाणी तेवढंच राहिलं तरी जोखीम वाढते, एवढंच माझं म्हणणं.


उधाण_भांग

वरच्या चर्चेत कार्यक्रम सुरू झाला आणि संपला असं सगळ्यांनी धरलंय. माणसं पडतात ती चढता-उतरताना. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि सुकतीत चार मीटर किंवा जास्त फरक पडतो. पाणी एकसारखं उतरत नाही. बारा हिस्से केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. म्हणजे पूर्ण भरतीला चढलात आणि तीन तासांनी परत आलात तर सहा हिस्से, चार मीटरच्या हिशेबाने दोन मीटर पाणी खाली गेलेलं असतं. चढताना कोरड्या पायरीवरून चढलेली पैठणीतली बाई उतरताना हिरव्या शेवाळाच्या पायरीवर पाय ठेवते. तिच्या हातात मूल आणि आहेराची पिशवी. अंधारही पडलेला.

आणि मुंबईची भरती पंचांगावर चालते. पौर्णिमा-अमावस्येला दुपारी बारा-साडेबाराच्या आसपास भरती, म्हणजे संध्याकाळी सहा-साडेसहाला तळाची सुकती. लोकांना हौस कोजागिरीची. चंद्र, मसाला दूध, समुद्र. ती रात्र नेमकी उधाणाची आणि पाहुणे लाँचवर घ्यायची वेळ नेमकी सुकतीची. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाण्याचा फरक निम्म्यावर येतो आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती मिळते. तारीख ठरवताना हॉलवाल्याला फोन करायच्या आधी भरतीचा तक्ता उघडा. मुहूर्त अष्टमीचा मिळत नसेल तर पाण्याबरोबर वर-खाली होणारं पाँटून असलेला धक्का घ्या, पायऱ्यांचा नको.

एका वेळी एकच माणूस, वर एक खलाशी, खाली एक, दोघांचे हात मोकळे. 40 माणसं उतरवायला अर्धा तास लागतो. धक्क्यावर तेवढा वेळ कोणी देत नाही, मागे पुढची लाँच भोंगा देत असते. धक्क्याचा वेळ आधी लेखी घेतला नसेल तर घाई होणारच.

माझं मत डेकमोजणींच्या बाजूने आहे, फक्त चौथी अट घाला: भांगाच्या दिवशी किंवा पाँटूनवरून, आणि परत येण्याची वेळ उजेडातली.


मांडवा_अपडाउन

उजेडातली म्हणालात म्हणजे दुपारचा कार्यक्रम, म्हणजे पुन्हा आमच्या फेऱ्यांच्या वेळा. उत्तर द्या.


घारापुरीकर

वेळेचा तोडगा आहे. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. त्या दिवशी गेटवे-घारापुरी मार्गावरच्या पर्यटक लाँच मोठ्या संख्येने रिकाम्या उभ्या राहतात. कार्यक्रमांना परवानगी द्यायचीच तर फक्त सोमवारी आणि फक्त त्या लाँचना द्या. मांडव्याची एकही फेरी हलत नाही.

एक मात्र सांभाळा. शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर या आमच्या तिन्ही वस्त्यांतली माणसं सोमवारीही दवाखान्याला, बाजाराला, शाळा-कॉलेजला जातात. पर्यटक नाहीत म्हणून बेटाची लाँचच नाही असं होता कामा नये. गावची फेरी आधी, उरलेल्या लाँच मग.

आणि मार्ग कुठला घ्यायचा तेही ठरवून घ्या. वाटेत जवाहर द्वीप लागतं, तिथे कच्च्या तेलाच्या टाक्या आहेत. ऑक्टोबर 2017 मध्ये वीज पडून तिथली टाकी पेटली होती, आग विझायला दिवस लागले. त्या बाजूला आकाशकंदील, फटाके, कागदी तोफा काही उडवायचं नाही. वारा कुठे नेईल ते सांगता येत नाही.


मंडप_सजावट

सजावटीवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात.

कापड. कठड्यापासून छतापर्यंत दोन्ही बाजूंनी झालर बांधायची मागणी असते. लाइफ जॅकेट छताखालच्या फळ्यांवर किंवा बाकांखाली असतात, झालर नेमकी त्यावर येते. कापड पिनांनी टाचलेलं असलं की घाईत सुटत नाही. शिवाय ते शिडाचं काम करतं. 20 चौरस मीटर कापडावर ताशी 36 किलोमीटरचा वारा आडवा लागला तर सुमारे दीडशे किलोंचा रेटा येतो. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट, सहाशे किलोंवर. म्हणून कापड फक्त छताच्या आतून आणि सुती, सिंथेटिक नको. बाजू पूर्ण मोकळ्या.

फुलं. झेंडूच्या माळा चालतात, पाकळ्यांची उधळण नको. डेकवरचं पाणी बाहेर जायची भोकं मुठीएवढी असतात. ओल्या पाकळ्या त्यात लगदा होऊन बसतात आणि डेकवरचं पाणी डेकवरच राहतं.

अक्षता तर त्याहून वाईट. तांदूळ फळ्यांच्या फटींतून पोटात जातात, तिथल्या पाण्यात फुगतात आणि पंपाच्या जाळीवर थर धरतात. पंप चालू असल्याचा आवाज येत राहतो, पाणी मात्र ओढलं जात नाही. खोलपाणींनी सांगितलेलं पोटातलं पाणी आणि ही जाळी एकत्र विचारात घ्या. साखरपुड्याला फुलांच्या पाकळ्या कमी पडतील म्हणून कोणी अक्षता आणल्या असतील तर त्या धक्क्यावरच वाटायच्या, तिथेच टाकायच्या.

हळद लाँचवर नकोच. तेल आणि हळद फळीवर पडली की पुसून जात नाही, अनवाणी पाय पहिल्याच डोलण्याला घसरतो. साठीचा होम, ओवाळणीतलं निरांजन, केकवरची फुलबाजी, सगळं ज्योतीच्या अटीत येतं. ओवाळायला सुपारी आणि अंगठी पुरते, बऱ्याच घरांत तशी ओवाळतातच.

इतकं सगळं काढल्यावर कार्यक्रमात राहिलं काय, असं यजमान विचारतात. समुद्र राहिला, त्यासाठीच तर लाँच घेतली.


डेकमोजणी

मांडवा_अपडाउन, तुमची हरकत मला मान्य करावी लागते. घारापुरीकरांचा सोमवार घेऊन माझी मागणी बदलतो: ज्या लाँचचं नाव त्या दिवशीच्या वेळापत्रकात आहे तिला कार्यक्रमाची परवानगी नाही. आणि ही परवानगी मेरीटाइम बोर्डाने दर कार्यक्रमाला वेगळी द्यावी, पाहुण्यांची नावानिशी यादी जोडून. 18 डिसेंबर 2024ला नौदलाची बोट धडकून गेटवेहून घारापुरीला निघालेली लाँच बुडाली, 15 जीव गेले. धडकेचं कारण वेगळं होतं, पण लाँचवर शंभरावर माणसं आणि दाखला त्याहून कमी माणसांचा, हेही तेव्हा समोर आलं. यादी असती तर शोध घेणाऱ्यांना किती जणांना शोधायचंय ते पहिल्या तासात कळलं असतं.

बाकं काढायची नाहीत ही पाचवी अट. मंडप_सजावट म्हणतात तशा मोकळ्या बाजू आणि जागेवर बाकं, एवढं राहिलं तर माझं गणित टिकतं. विमा कंपनीला ‘खासगी कार्यक्रम’ असं आधी लेखी कळवायचं. पॉलिसी नेहमीच्या प्रवासी वाहतुकीची असेल आणि अपघात कार्यक्रमात झाला तर दावा अडतो.

दारूबद्दल एकच ओळ: एक दिवसाचा परवाना काढता येतो, तरी या लाँचवर नको. कठड्याची उंची शुद्धीतल्या माणसासाठी ठरवलेली असते.


मांडवा_अपडाउन

तर मग लाइफ जॅकेटचं सांगा. त्या दुर्घटनेनंतर फेरीवर प्रत्येकाला जॅकेट घालायला लावतात, आणि ते बरोबरच आहे. तुमच्या कार्यक्रमात नवरीमुलगी शालूवर केशरी जॅकेट घालून बसणार? फोटोसाठी काढणार, मग जेवायला काढलेलंच ठेवणार. जिथे नियम मोडला जाणार हे आधीच माहीत आहे तिथे परवानगी देणं मला चुकीचं वाटतं. यावर तुमच्याकडे अट नाहीये.


पंगतवाली

हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर जेवण मांडण्याच्या पद्धतीत आहे. बुफे लावला की माणूस उभा राहतो, रांग लागते, एका हातात ताट, जॅकेटचा फुगवटा पुढे येतो, ताट दिसत नाही, म्हणून तो जॅकेट काढतो. बसून जेवण दिलं तर जॅकेट घालून जेवता येतं. त्यासाठी ताट मांडीवर मावेल असं, 22-23 सेंटीमीटरचं आणि कडा उभ्या असलेलं घ्यायचं. सगळं एकदाच वाढून, झाकून, बाकाच्या एका टोकाकडून पुढे सरकवायचं. चार वाढपी, दोन बाजूंना दोन-दोन, एकाच वेळी पुढून मागे चालत जातात, म्हणजे वजनही दोन्हीकडे सारखं राहतं. दुसऱ्यांदा वाढायला फक्त पुरी आणि वडी. 40 पानं 12-15 मिनिटांत होतात. तेवढा वेळ सारंगाने लाँच वाऱ्याकडे नाळ (पुढचं टोक) करून हळू चालवायची, वळण घ्यायचं नाही. वाढायला सुरुवात करायच्या आधी त्याला विचारायचं आणि मोठं जहाज येत असेल तर थांबायचं. त्याच्या लाटा जहाज निघून गेल्यावर दोन-चार मिनिटांनी पोचतात, ते पाहुण्यांच्या लक्षात येत नाही.

मुलांची जॅकेट वेगळी मोजून घ्या. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून वर निसटतं. पायांमधून जाणारा पट्टा असलेलं हवं.


खोलपाणी

बसून जेवण, बाकं जागेवर, जॅकेट अंगावर, एवढं झालं तर कलाचा माझा आक्षेप बराच कमी होतो. पोटाचा राहतो. निघायच्या आधी पोटातलं पाणी पट्टीने मोजून वहीत लिहायचं, मग दर अर्ध्या तासाला. एक खलाशी फक्त त्या कामाला, त्याच्या हातात ट्रे द्यायचा नाही. पंपाची जाळी निघायच्या आधी काढून धुवायची. दुसरा पंप हाताने चालणारा हवा, विजेवरचा नाही. जनरेटर पडल्यावर तोच उपयोगी येतो. दोन मोजण्यांमध्ये पाणी बोटभर चढलं तर कार्यक्रम तिथेच थांबवून परत फिरायचं, आणि परत फिरायचं की नाही हे सारंग ठरवेल, यजमान नाही, असं भाड्याच्या कागदावर लिहिलेलं पाहिजे. तरीही एकाच पोटाच्या लाकडी लाँचला माझा नकारच आहे.


मांडवा_अपडाउन

माझाही. मात्र सोमवार, यादी आणि वेळापत्रकाबाहेरची लाँच या तीन गोष्टी लेखी येत असतील तर कप्पेवाल्या बोटींपुरता विरोध मागे घेतो. शनिवार-रविवारी एकही नाही.


उधाण_भांग

सोमवार आणि भांग दोन्ही एकत्र हवेत तर महिन्यात एक-दोनच दिवस हाती लागतात. पंचांग आणि भरतीचा तक्ता शेजारी ठेवून सप्टेंबर ते मे असे दिवस आधी काढून धक्क्यावर लावले पाहिजेत, म्हणजे यजमान तारीख ठरवायला येतील तेव्हा त्याच दिवसांतून निवडतील.